पायदळाबरोबरची धाव

शास्त्रपाठ : यिर्मया 11:18–23 व 12:1–6



यिर्मया संदेष्टा हा खेड्यातला मनुष्य होता. यरुशलेमेच्या ईशान्येस सुमारे दीड कोसावर, बन्यामीन वंशाच्या मुलखात, अनाथोथ नावाचे एक लहानसे गाव होते. तेथे याजकांची काही घराणी राहत असत. त्यांपैकी एका घराण्यात त्याचा जन्म झाला. योशीया राजाच्या कारकीर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व 627 च्या सुमारास, देवाचे वचन त्याजकडे आले. त्या वेळी तो अगदी तरुण होता. ते वचन त्याने आपल्या लोकांस निर्भीडपणे सांगितले, आणि त्याजवर पहिला घाव कोणी घातला? राजाने नव्हे, परक्या सैन्याने नव्हे, तर अनाथोथच्याच लोकांनी. परमेश्वराच्या नावाने बोलणे सोड, नाही तर जिवास मुकशील, असे त्यांनी त्यास बजाविले. इतकेच नव्हे, तर त्याचे सख्खे भाऊ व बापाचे घराणे त्या कटात सामील होते. तोंडावर गोड बोलावे आणि पाठ फिरताच मागून ओरड करावी, असा त्यांचा क्रम होता.

तेव्हा यिर्मयाने देवापाशी गाऱ्हाणे केले. दुष्टांचे बरे का चालते? कपट करणारे सुखात का नांदतात? ओठांवर देव आणि अंतःकरणात भलतेच, अशांची मुळे खोल का जातात? ज्या कोणास आपल्याच गावात, आपल्याच भावकीत, ख्रिस्ताच्या नावाकरिता टोमणे सोसावे लागले आहेत, त्यास हे गाऱ्हाणे परके वाटणार नाही. पुष्कळांनी ते रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या केलेले आहे.

परंतु देवाने दिलेले उत्तर पाहा. त्याने यिर्मयाच्या पाठीवरून हात फिरविला नाही, किंवा अनाथोथकरांस उद्याच धडा शिकवितो असेही त्या ठिकाणी म्हटले नाही. उत्तराचा मथितार्थ असा : पायी चालणाऱ्यांबरोबर धावताना तुझी छाती भरून आली, तर घोड्यांशी तू कशी बरोबरी करशील? निर्भय प्रदेशात तुझा पाय अडखळतो, तर यार्देनेच्या दाट रानात तू काय करशील? यार्देनेचे रान म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसास सांगावे लागत नसे. नदीच्या दोन्ही तीरांस लव्हाळ्यांची व झुडपांची गच्च दाटी होती. कापणीच्या दिवसांत नदी दुथडी भरून वाहत असे, आणि त्याच झाडीत सिंहांचा वावर होता (यिर्मया 49:19). अशा रानात सापडलेल्या मनुष्याचे पाय मजबूत नसतील तर त्याची धडगत नसे.

वाचणाऱ्यास प्रथम हे उत्तर कठोर वाटते. एका तरुण मनुष्याचा जीव घेण्यास त्याचे भाऊ टपले आहेत, आणि देव म्हणतो की हे तर अजून पायदळ आहे! तथापि ह्या उत्तरात मोठा मान आहे. देव यिर्मयाच्या गावच्या त्या त्रासास क्षुल्लक म्हणून झटकून टाकीत नाही. त्यास तो धाव म्हणतो. अनाथोथच्या वेशीपाशी जे चालले होते, ते देवाच्या हिशेबी पुढच्या मोठ्या लढाईतलेच होते. दुसरे असे की, घोडे येणार आहेत ही गोष्ट तो आपल्या सेवकापासून लपवून ठेवीत नाही. आणि ते घोडे केवळ दृष्टांतातले राहिले नाहीत. त्यांचे फुरफुरणे दानापासून ऐकू येत आहे, असे यिर्मया स्वतःच सांगतो (8:16), आणि पहिल्या पाचारणास चाळीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास बाबेलचे स्वार खरोखरच यरुशलेमेस वेढा घालून बसले.

आज आपणांस ह्या वचनातून एवढेच घ्यावयाचे आहे, की घोड्यांबरोबर धावण्याचे बळ पायदळाबरोबर धावतानाच येते. आणि ते पायदळ आपल्या दारातून रोज जात असते.

कोणता शहाणा शेतकरी गोऱ्ह्यास पहिल्याच दिवशी नांगरास जुंपतो? आधी त्याच्या मानेवर रिकामे जू ठेवितात, मग जाणत्या बैलाच्या जोडीस लावून हलके ओझे ओढावयास देतात, आणि मान तयार झाली म्हणजे मग तो काळ्या जमिनीत उतरतो. हे आपणांस शेतात समजते, परंतु विश्वासाच्या बाबतीत आपण विसरतो. आपली अशी समजूत असते, की नित्याच्या दिवसांत आपण कसेही राहिलो तरी संकटाच्या दिवशी देव आपणांस एकाएकी वीर करील. देव समर्थ आहे, त्याने कधी कधी तसेही केले आहे. पण शास्त्रात फार करून त्याची ती रीत दिसत नाही. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघालेल्याची जी गत होते, तीच आपली होते.

दानीएलाचे पाहा. सिंहांच्या गुहेचे चित्र आपल्या पुष्कळ घरांत भिंतीवर आहे, आणि लहान मुलांसही ती गोष्ट तोंडपाठ येते. परंतु त्या अध्यायातले खरे थोर वाक्य सिंहांविषयी नाही. तीस दिवसपर्यंत राजाखेरीज कोणाची प्रार्थना करू नये, असा हुकूम निघाल्याचे कळल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करू लागला; आणि शास्त्र मुद्दाम नमूद करिते, की पूर्वीही तो असेच करीत असे (दानीएल 6:10). तीस दिवसांचाच तर प्रश्न होता! खिडक्या लावून घेतल्या असत्या, किंवा मनातल्या मनात प्रार्थना केली असती, तर कोणास कळले असते? ह्या वेळी त्याचे वय ऐंशीच्या घरात असावे. त्याने त्या दिवशी नवे धैर्य कोठून आणिले नाही, काही जास्त केले नाही. जे चालले होते ते फक्त थांबविले नाही. आणि त्याचा आरंभ कोठे झाला होता? पहिल्या अध्यायात, राजाच्या ताटातले अन्न नको, भाजीपाला व पाणी द्या, दहा दिवस पारखून पाहा, असे म्हणणाऱ्या एका मुलाच्या पानावर. जेवणाच्या पानावर जो हरला नाही, तो गुहेत हरला नाही.

आता ह्याच्या उलट पेत्र. गेथशेमानेत शिपाई आले तेव्हा त्याने तरवार उपसली. तो भित्रा नव्हता. परंतु त्याच रात्री थोडा वेळ आधी जागे राहून प्रार्थना करण्यास प्रभूने सांगितले, तेव्हा त्यास झोप आवरली नाही. पुढे अंगणात शेकोटीपाशी एका दासीने साधा प्रश्न विचारला, आणि तरवारीस न भ्यालेला मनुष्य तिच्या शब्दास भ्याला. आम्हांस वाटते की आपणांपैकी पुष्कळांची मोडणूक अशीच होते. धर्मासाठी प्राण देऊ असे आपण सभेत मोठ्याने गातो, आणि चावडीवर कोणी सहज विचारिले की तुम्ही कोणत्या देवाचे, तर चप्पल शोधू लागतो. पेत्रास प्रभूने टाकिले नाही, हे आपले भाग्य. पुन्हा एकदा कोळशाच्या विस्तवापाशी बसवून, हाती भाजलेली मासळी देऊन, त्याने तीन वेळा त्यास विचारिले आणि मेंढरे त्याच्या स्वाधीन केली (योहान 21). पडलेल्यास तेथे जागा आहे.

मग आपले पायदळ कोणते? आम्ही प्रथम संध्याकाळच्या प्रार्थनेचे नाव घेऊ. दिवसभर खुरपणी किंवा ऊसतोड करून आलेल्या माणसाचे डोळे मिटत असतात. मुले मोबाइलात दंग असतात. चुलीपाशी बाईचे काम उरकलेले नसते. अशा वेळी शास्त्र उघडून दहा ओळी वाचणे व सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणणे ही एक धाव आहे. ज्यास वाचता येत नाही त्याने शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे; त्यात दोघांचेही कल्याण आहे. घरात मरण आले तर त्या घरास देवाशी बोलावयाचे कसे हे आधीच माहीत असते. ज्या घरात असे बोलणे कधीच झालेले नाही, तेथे त्या रात्री पाळकच येऊन काय तो बोलतो आणि बाकीचे भिंतीकडे पाहत बसतात. हे आम्ही पाहिलेले आहे, म्हणून लिहितो.

दुसरे म्हणजे बाजार. दुधात पाण्याचा तांब्या, काट्याखाली हळूच बोट, नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाची एक वीत कोर. ह्याची कोणी फिर्याद करीत नाही, कारण पुष्कळ जण तेच करितात. पण ख्रिस्ती मनुष्याचे धैर्य ह्याच ठिकाणी घडते किंवा नासते. जो चार रुपयांच्या तोट्यास भितो, तो चारशे माणसांच्या धाकास कसा तोंड देईल? आणि गाव सर्व पाहत असते. आपल्याविषयी उद्या कोणी खोटी कंडी पिकविली, तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने उठून म्हणावे, की ह्या घराने आजवर मापात पाप केलेले नाही. ती साक्ष एका दिवसात मिळत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. ती सांगावी की नाही ह्याचा आम्ही विचार केला, पण ती टाळून ह्या विषयावर लिहिणे खरे होणार नाही. मुलास शाळेत घालताना कारकून विचारतो, धर्म कोणता लिहू? तेथे आपल्या पुष्कळ बापांची जीभ अडते, आणि तिला कारण आहे. 1950 साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली, त्या आदेशात हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजू नये असे कलम घातले गेले. 1956 साली शीख बांधवांस व 1990 साली बौद्ध बांधवांस त्यात घेण्यात आले. ख्रिस्ती मनुष्य अद्याप बाहेर आहे. बाप्तिस्म्याने मनुष्याची गरिबी जात नाही, गावाच्या मनातली त्याची जातही जात नाही. सवलत मात्र जाते. हा अन्याय आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. त्याविरुद्ध अर्ज करणे, न्यायालयात जाणे, हे विश्वासास सोडून नाही. फिलिप्पैच्या तुरुंगातून चोरपावलांनी बाहेर पडण्यास पौलाने नकार दिला आणि आपल्या नागरिकत्वाचा हक्क सांगितला (प्रेषितांची कृत्ये 16:37). पुढे त्याने कैसराकडेही दाद मागितली.

ज्या बापाने लेकराच्या शिक्षणाच्या काळजीने दाखल्यावर दुसरे काही लिहिले, त्याचा न्याय करावयास आम्ही बसलेलो नाही. ज्यांच्या घरी धान्याची पोती भरलेली आहेत त्यांनी तर त्याविषयी तोंडच उघडू नये. परंतु एक गोष्ट आम्ही त्या बापाच्या पदरात घालू इच्छितो. कारकुनाच्या मेजापाशी तो एकटा उभा नसतो. सहा वर्षांचे मूल त्याचे बोट धरून उभे असते, आणि बाप काय बोलतो ते ऐकत असते. काल रात्री ज्याच्या नावाने जेवणाआधी आभार मानिले, तो येथे आपला कोण, हे ते मूल त्या उत्तरावरून शिकते. ह्या प्रश्नाचे उत्तर मेजापाशी जाऊन ठरविता येत नाही. नवराबायकोने, शक्य तर पाळकासह, आधी गुडघे टेकून ते ठरवावे. आणि जे कुटुंब खरे सांगून सवलतीस मुकते, त्याच्या मुलांच्या वह्यापुस्तकांचा व फीचा भार मंडळीने उचलावा. नुसते शाबास म्हणून मंडळीने घरी जाऊ नये.

येथे कोणी म्हणेल, की हे सर्व आपल्याच कष्टाचे झाले. मग कृपा कोठे राहिली? प्रश्न रास्त आहे. रानात इस्राएलांस मान्ना मिळत असे तो दररोजचा दररोज, माणशी एक गोमेर. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेविला त्यांच्या भांड्यात किडे पडले (निर्गम 16). देवाने दिलेले बळ जोंधळ्यासारखे कणगीत साठविता येत नाही. गेल्या वर्षीच्या उपवास-प्रार्थनेतले बळ ह्या वर्षीच्या आजारपणास पुरत नाही. मग रोजच्या धावेने साठते तरी काय? आम्हांस वाटते, साठते ती वाट. जो चाळीस वर्षे रोज पहाटे छावणीबाहेर जाऊन वाकून मान्ना गोळा करितो, त्यास अंधारातही वाट सापडते, आणि कोणापुढे वाकावे हे त्याच्या गुडघ्यांस ठाऊक असते. देणारा देवच, परंतु त्याच्या दाराशी नित्य जाणाऱ्यास संकटाच्या रात्री ते दार चाचपावे लागत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात देवाने एका बाईस अशा रीतीने तयार केले. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. लहानपणी त्यांची आई त्यांस पहाटे उठवून संस्कृत पाठ देत असे. घर नव्हते, तीर्थोतीर्थी फिरणे होते, तरी पाठ चुकत नसे. पुढे दुष्काळ आला. 1874 साली वडील गेले, मग आई व बहीण गेली, आणि भावाबरोबर त्या उत्तरेकडे पायी भटकत राहिल्या. झेलमेच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डा करून अंगावर वाळू ओढून घेण्यापर्यंत पाळी आली. ख्रिस्ताची ओळख त्या वेळी त्यांस झालेली नव्हती. बाप्तिस्मा 1883 साली झाला. परंतु 1896–97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तेथे जाऊन उपासमारीने मरत असलेल्या मुलींस त्यांनी केडगावी आणिले. त्या भुकेस त्या का भ्याल्या नाहीत? कारण त्या भुकेबरोबर त्या लहानपणीच धावल्या होत्या. आणि पहाटेचा तो पाठ? तोही वाया गेला नाही. उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या बायकांस कळेल अशा मराठीत उतरविले. वर्षानुवर्षे ते काम रोज थोडे थोडे चालले. 1921 साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तेव्हाही ते थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस दोन शब्द निराळे. नवीन कुटुंब बाप्तिस्मा घेते, तेव्हा त्याच्या मानेवर एकदम जड जू ठेवू नका आणि त्यास रिकामेही सोडू नका. घरच्या धन्यास पहिल्या महिन्यात एका वाक्याची प्रार्थना मोठ्याने करावयास शिकवा. घरच्या बाईस भाकरी करिताना मूठभर पीठ प्रभूसाठी बाजूस काढण्याची सवय लावा. गावची जत्रा येण्याच्या आधी त्यांजकडे जाऊन बसा, जत्रेच्या दिवशी नव्हे. वर्गणी मागावयास लोक येतील तेव्हा नम्रपणे काय बोलावे, आणि शाळेच्या खोलीस किंवा पाणवठ्याच्या कामास मात्र आपण आनंदाने हातभार लावतो हे कसे सांगावे, ते त्यांच्याबरोबर म्हणून पाहा. आणि तुमची स्वतःची धाव? ती बहुधा व्यासपीठावर नसते. ती मंडळीच्या हिशेबाच्या वहीत असते, पगार दोन महिने लांबल्यावर घरी बोललेल्या शब्दांत असते, आणि जो पंच सभेत तुम्हांस टाकून बोलला त्याच्या आजारी आईस भेटावयास जाण्यात असते.

यिर्मयाचे पुढे काय झाले, ते शास्त्रात विस्ताराने आहे. पशहूराने त्यास मारून खोड्यात घातले. यहोयाकीम राजाने त्याच्या वचनांची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली, तेव्हा त्याने बारूखाकडून ती पुन्हा पहिल्यापासून लिहविली. वेढ्याच्या दिवसांत त्यास चिखलाच्या हौदात सोडण्यात आले. एबद-मलेख कूशी ह्याने दोरांबरोबर जुनी फडकी खाली सोडली आणि ती काखेत धर म्हणून सांगितले, म्हणजे दोर रुतणार नाहीत. घोडे आले होते, आणि यिर्मया उभा होता.

सिद्कीयाच्या दहाव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व 587 च्या सुमारास, तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदी असता त्याचा चुलतभाऊ हनामेल त्यास भेटावयास आला. तो आला अनाथोथहून, ज्या गावाने पूर्वी त्याचा जीव घेऊ पाहिला होता त्याच गावाहून. माझे तेथील शेत तू विकत घे, सोडविण्याचा हक्क तुझा आहे, असे तो म्हणाला. सारा मुलूख शत्रूच्या हाती जात होता. त्या शेताची किंमत त्या दिवशी धुळीइतकीही नव्हती. तरी ह्या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे देवाचे वचन यिर्मयास मिळालेले होते. त्याने भाऊबंदांचे जुने काहीच काढले नाही. साक्षीदार बोलाविले, तराजूत सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखतावर सही केली, शिक्का केला, आणि सर्वांदेखत ते बारूखाच्या हाती दिले. पुष्कळ दिवस टिकावे म्हणून ते खत मातीच्या मडक्यात घालून ठेवण्यास त्याने सांगितले (यिर्मया 32:6–15).